खुडबुडे गप्प बसले

सकाळपासून वारा नुसता पिसाळला होता. गोदीच्या लांबलचक शेडचे पत्रे एका टोकाला थडथडायला लागत, ती थडथड पत्र्यापत्र्यावरून धावत दुसऱ्या टोकाला जाई आणि तिथे पोचली की पुन्हा पहिल्यापासून सुरू. आत जहाज उभं होतं. समुद्रावरचं नव्हे, ताऱ्यांकडे जाणारं. त्याच्या पोटात पंपाने गच्च हवा भरून ठेवली होती आणि बाहेरून बायका बादल्या घेऊन जाड ब्रशने सांध्यासांध्याला साबणाचं पाणी फासत होत्या. सांधा चुकार असला की तिथे बुडबुडा येतो, की लगेच खडूने गोल. पण आज शेडचं मोठं दार नीट लागत नव्हतं आणि फेस बुडबुडा धरायच्या आत उडून एकमेकींच्या केसांत जाऊन बसत होता.

"आंघोळ जहाजाला आहे की आपल्याला?" शिडीवरची एक जण म्हणाली.

खाली खुडबुडे फिरत होते. त्यांचं तिथे त्या दिवशी काही एक काम नव्हतं. दाराशी गेले, बिजागरी हलवून पाहिली, खिशातून पेचकस काढला, बोटाने काहीतरी चाचपलं आणि तास-दीड तास दाराशी झोंबले. दार लागलं. वारा थांबला. बायकांनी दुवा दिला. मग जेवायची सुट्टी झाली आणि दार उघडेना. दोन वेल्डर बोलवावे लागले.

खुडबुडे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव चारचौघांसारखं होतं, पण ते आता कुणाला आठवत नाही. पोस्टमनसुद्धा कोपऱ्यावरून "खुडबुडे आहेत का" असंच ओरडतो, आणि त्यांच्या बायकोला सगळी गल्ली खुडबुडेवहिनी म्हणते. वहिनींनी पहिली दोन-चार वर्षं राग धरला, मग सोडून दिला. कारण नाव खोटं नव्हतं. माणसाच्या पायाला भिंगरी असते, यांच्या दहाही बोटांना होती. बूड एका जागी टेकायचं नाही. टेकलंच तर खुर्चीचा एक पाय दुसऱ्या दिवशी लुळा. त्यांची आई म्हणायची, हा पोटात होता तेव्हा आतून दार शोधत होता.

तरुणपणी त्यांनी पुष्कळ ठिकाणी नोकऱ्या केल्या, म्हणजे पुष्कळ ठिकाणाहून हाकलले गेले. घड्याळजीकडे ठेवलं तर बंद पडलेली सोडून चालू घड्याळं उघडून बसायचे. "चालतंय कसं ते बघत होतो" म्हणायचे. वाचनालयात शिपाई म्हणून लागले, तर 'शांतता राखा' ही पाटी वाकडी आहे म्हणून काढून पुन्हा लावली, हातोडीने, परीक्षेचे दिवस असताना. शेवटी गोदीत झाडूवाला म्हणून चिकटले. एका तयार जहाजात फरशी पुसताना न्हाणीघराच्या दाराची मूठ त्यांच्या हातात आली. ते जहाज सगळ्या चाचण्या होऊन, पास होऊन, निघायच्या बेतात होतं. मूठ हातात घेऊन ते उभेच, चेहरा चोरासारखा. चाचणीखात्याच्या मॅडम तेव्हा नव्या होत्या. त्यांनी मूठ पाहिली, खुडबुड्यांचे हात पाहिले आणि म्हणाल्या, "अजून काय काय निघतं ते काढून दाखवा."

संध्याकाळपर्यंत त्यांनी एक टोपली भरली.

मॅडमचं म्हणणं साधं होतं. या जहाजात माणसं वर्षानुवर्षं राहणार. राहणारा माणूस कंटाळतो आणि कंटाळलेल्या माणसाचा हात हाताशी येईल त्याला लागतो. तेव्हा तो हात आपण आधीच आत सोडू. त्या दिवसापासून खुडबुडे झाडू सोडून राहणीवाले झाले.

गोदीत जहाजाच्या चाचण्या चार, आणि त्यांची कागदावरची नावं लांबलचक असली तरी बोलण्यात सगळे फुगवणी, हलवणी, तापवणी आणि राहणी असंच म्हणतात. हवा भरून सांधे बघणं म्हणजे फुगवणी. मग त्याला मोठ्या पाटावर बांधून गदगदा हलवतात. मग भट्टीसारख्या खोलीत ठेवून भाजून काढतात, तिथेच गोठवतात. यातून उरलं तर राहणी. दोन-तीन माणसं आत घालायची, दार बाहेरून बोल्ट घालून बंद करायचं आणि दीड महिना बघायचं की आतली हवा, पाणी, संडास, चूल, सगळं आतल्या आत चालतं का. जहाज जागचं हलत नाही. दार मात्र मधे उघडायचं नाही. उघडलं, बाहेरची हवा एकदा आत शिरली, की सगळी राहणी रद्द आणि पहिल्यापासून मोजणी.

या वेळच्या जहाजात एक जास्तीची गोष्ट होती. खुडबुड्यांची मुलगी त्यातून जाणार होती.

तीही गोदीतच, वायरमन. बोलणं तापट आणि काम विजेचं, म्हणून सगळे तिला ठिणगी म्हणत. तिने घरी विचारलं नाही, नाव घालून आली आणि मग सांगितलं. वहिनी दोन दिवस रडून मोकळ्या झाल्या. खुडबुडे रडले नाहीत. त्यांनी घरातले सगळे नळ खोलले, सगळे पुन्हा लावले, आणि मग एकेक गळायला लागला. नंतर ते रोज काम नसताना जहाजापाशी जाऊन उभे राहायला लागले. शेडच्या दाराचा प्रकार झाला तो याच दिवसांतला.

रंगकाम आटोपल्यावर जाणाऱ्यांच्या घरच्यांना जहाज दाखवायची गोदीत रीत आहे. त्या दिवशी ठिणगीने आईबापांना आपली खोली दाखवली, अगदी टोकाची. एक बिछाना, एक गोल खिडकी, भिंतीत एक खण. तिने भराभरा पसारा आवरला, आईबापांना बिछान्यावर बसवलं, मधे स्वतः बसली आणि मैत्रिणीला म्हणाली, काढ फोटो. फोटोत तिघंही नीट आले, फक्त खुडबुड्यांचा उजवा हात धूसर आला, कारण तो बिछान्याच्या कडेचा स्क्रू फिरवत होता.

मग राहणी लागली. आत तिघं. खुडबुडे, कँटीनमधून निवृत्त झालेला एक आचारी, आणि शाळेतून निवृत्त झालेले एक मास्तर, ज्यांना सगळ्या गोदीत मास्तर हीच ओळख पुरेशी होती. बोल्ट बसले.

आठवड्यातून एकदा घरच्यांनी भेटायचं. बाहेरून परांचीवर चढायचं, आतल्या माणसाच्या खोलीच्या खिडकीशी जायचं, काचेच्या अलीकडे एक रिसीव्हर, पलीकडे एक. पहिल्या भेटीला खुडबुड्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू होता. बोलताना ते रिसीव्हरच्या वायरचे पीळ उलगडत होते, उलगडून झाले की पुन्हा पीळ देत होते.

"आचारी मीठ मोजून घालतो. मास्तर घोरतात. आणि दोघं मिळून म्हणतात काय, तर आवाज माझा होतो."

"काय केलंत?"

"काही नाही गं. रात्री पंख्याची जाळी जरा सैल वाटली."

"जाळी कुणाच्या खोलीतली?"

"मास्तरांच्या." मग घाईने म्हणाले, "उद्यापासून मला टोकाच्या खोलीत हाकललंय. आपल्या ठिणगीच्या. बरंच झालं म्हटलं. पोर तिथे राहणार. दाराखिडक्यांची जराही फट राहू देणार नाही. सगळं घट्ट करून ठेवतो."

"करा. आणि जेवा."

"तिने बदलला का गं विचार?"

"नाही."

"नाही ना," ते म्हणाले आणि खिडकीच्या कडेचं रबर नखाने उचकून पाहायला लागले.

दुसऱ्या भेटीला वहिनी टोकाच्या खिडकीशी गेल्या. खुडबुडे बिछान्यावर भिंतीला टेकून बसले होते. वहिनींनी घरचं सांगितलं, शेजारणीचं सांगितलं, स्वतःच्या कामाचं सांगितलं. त्या गोदीच्या शिवणशेडमध्ये जहाजाच्या भिंतींत भरायच्या चंदेरी रजया शिवत. नवी सुई हाताला बसत नाही म्हणाल्या. एरवी या वाक्यावर खुडबुड्यांनी "काढ, दाखव" म्हटलं असतं. या वेळी ते नुसते हसले.

"पोरीचं मनावर घेऊ नको," ते सावकाश म्हणाले. "तिने ठरवलंय. जाऊ दे तिला."

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या दिवसांत हे वाक्य त्या माणसाच्या तोंडून निघालं नव्हतं. घरी येऊन त्यांनी ठिणगीला सांगितलं, "बाबा निवळले." ठिणगी त्या रात्री जेवताना दोनदा हसली.

मास्तरांनी आतून मॅडमना कळवलं की खुडबुडे आता अगदी सोन्यासारखे वागतात, दार लावून खोलीत पडून असतात, जेवायलासुद्धा हाका माराव्या लागतात, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा सलग झोप मिळाली. गोदीत चेष्टा सुरू झाली. वेल्डर म्हणाला, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते खोटं पडलं. बायका म्हणाल्या, वहिनी, आता हे असेच घरी आले तर काय कराल? वहिनी म्हणाल्या, "झोपेन."

पण झोप कुठली. बरं वाटायला हवं होतं आणि वाटत नव्हतं. मशीनवर बसलं की उठावंसं वाटे, उठलं की कशाला उठलो ते आठवत नसे. टाके वाकडे यायला लागले, एक अख्खी रजई उसवावी लागली. घरात काही पडत नव्हतं, ठोकलं जात नव्हतं, आणि त्या मधेच मान वर करून कानोसा घेत. ठिणगी म्हणाली, "आई, बाबांचं वारं तुला लागलं की काय? बस की जरा." बसल्या. पुन्हा उठल्या.

तिसऱ्या भेटीचा दिवस यायचा होता, त्याच्या आदल्याच दिवशी त्या मधल्या सुट्टीत परांचीवर चढल्या. परवानगी नव्हती. रखवालदाराने खालून हटकलं, तर "रजईचं माप घ्यायचंय" म्हणाल्या.

खुडबुडे खिडकीकडे तोंड करून बसले होते. वहिनींनी काच वाजवली. त्यांनी पाहिलं, ओळखलं, हसले. रिसीव्हर उचलायला फार वेळ लावला. त्याची वायर पीळ पडून पडून गोळा झाली होती. तो गुंता त्यांच्या मांडीवर पडला होता आणि त्याच्या दोन बाजूंना त्यांचे दोन हात उताणे.

"अहो, ती वायर."

"हं."

"गुंतलीये."

त्यांनी खाली पाहिलं. "हो," म्हणाले. "गुंतलीये."

रिसीव्हर टाकून, साडी सावरत वहिनी परांचीवरून ज्या उतरल्या, त्या थेट मॅडमच्या खोलीत.

मॅडम जेवत होत्या. समोर हिरवे दिवे लागलेला एक फलक. वहिनी म्हणाल्या, "दार उघडा."

"वहिनी, आधी बसा."

"बसत नाही. ते बसलेत तेवढं पुरे. दार उघडा."

मॅडमनी ताट बाजूला सारलं, फलकाकडे बोट केलं. हवा ठीक. पाणी ठीक. दिवा एकही लाल नाही. मास्तर आणि आचारी धडधाकट. "आता उघडलं तर ठरलेल्या वेळी जहाज निघत नाही. ताऱ्यांकडची पुढची वाट वर्षाने मोकळी होते. तीनशे माणसं थांबतील. तुमची मुलगीसुद्धा. तुम्हाला ती जायला नको आहे, ते मला कळतं."

हे बोलणं लागलं. वहिनी एक पाऊल पुढे सरकल्या. मग म्हणाल्या, "नको आहेच. खोटं कशाला बोलू. पण मॅडम, तुम्ही या माणसाला किती वर्षं ओळखता? त्याच्या मांडीवर गुंता पडलाय आणि तो सोडवत नाहीये."

मॅडम हात न धुताच उठल्या. फोन उचलून आत आचाऱ्याला बोलावलं.

"चमच्यांच्या खणाची मूठ आहे ना, ती काढा आणि नेऊन खुडबुड्यांच्या पुढ्यात ठेवा. काही बोलू नका."

"मॅडम," आचारी म्हणाला, "तीच मूठ त्यांच्यापासून वाचवायला मी सुरुवातीला अख्खा खण उशाशी घेऊन झोपत होतो. आता आपल्या हाताने नेऊन देऊ?"

"द्या."

दोघी परांचीवर चढल्या. काचेतून दिसलं, दार उघडून आचारी आत आला, चेहऱ्यावर हसू होतं. मूठ आणि तिचा स्क्रू त्याने बिछान्यावर ठेवला. खुडबुड्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग मुठीकडे पाहिलं. स्क्रू घरंगळत कडेला गेला, खाली पडला. त्यांची नजर त्याच्यामागे जमिनीपर्यंत गेली आणि तिथेच राहिली. हात हलला नाही.

आचाऱ्याचं हसू गेलं. त्याने काचेकडे पाहिलं.

मॅडमनी रिसीव्हर घेतला. "खुडबुडे, उठा. खोलीतून बाहेर या."

"येतो," ते म्हणाले. अगदी गोड आवाजात म्हणाले, आणि आडवे झाले.

मॅडम परांचीच्या कठड्याशी वाकल्या आणि खाली ओरडल्या, "दार उघडा. सगळे बोल्ट काढा. घंटा द्या."

घंटा झाली तशी शेडमधली सगळी कामं जागच्या जागी थांबली. बोल्ट काढायला वेळ लागतो, चार माणसं चार पाने घेऊन भिडली. आत मास्तर आणि आचारी यांनी चादरीची दोन टोकं धरून खुडबुड्यांना ओढत मधल्या मोठ्या खोलीत आणलं. तेवढ्याने दोघांना धाप लागली, कारण दोघं सत्तरीला टेकलेले. दार उघडलं तेव्हा मास्तर खुडबुड्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि वर्गात पेंगणाऱ्या मुलाला बोलावं तसे त्यांना रागावत होते.

कारण सापडायला वेळ लागला नाही. गोदीत एक जुना नियम आहे. जहाज बांधताना हवेच्या नळीचं प्रत्येक तोंड बुचाने बंद करतात, म्हणजे कीस आणि धूळ आत जायला नको. प्रत्येक बुचाला हातभर लाल कापडाची शेपटी. शेपटी दिसली की बूच आहे. शेवटी शेपट्या धरून सगळी बुचं ओढून काढायची, शेपटी दिसेनाशी झाली की झालं. टोकाच्या खोलीत शेपटी दिसत नव्हती. बूच होतं. ताजी हवा आत यायची ती नळीच मुळात बंद होती, आणि खुडबुड्यांनी पोरीसाठी दाराची फट न् फट घट्ट करून ठेवली होती. आपलाच श्वास ते पुन्हा पुन्हा घेत होते. हवा तपासणारं यंत्र खोलीबाहेर, मधल्या मोठ्या खोलीतल्या पंख्यासमोर, त्याला काय कळणार.

ठिणगी दुसऱ्या शेडमधून धावत आली होती. बापाला गाडीत घालून दवाखान्यात नेईपर्यंत ती थांबली, मग आत गेली. भिंतीची पट्टी तिनेच उचकली. मागे लाल शेपटी होती, नीट तिपदरी घडी घालून, वायरला लावतात त्या पट्ट्याने बांधलेली. बुचवाल्यांना अशी बांधता येत नाही. हे वायरमनचं काम.

"मी केलंय," ती मॅडमना म्हणाली. "फोटोत मधेच लाल चिंधी लोंबत होती. आत खोचली. नंतर काढायची होती."

मॅडमनी ती घडी हातात घेतली, उलगडली.

"फोटो चांगला आला का?" त्यांनी विचारलं.

ठिणगीने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिचं तिलाही कळलं नसावं.

दवाखान्यात खुडबुड्यांच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा बसवला होता. वहिनी उशाशी उभ्या. नर्स म्हणाली, बाई, बसा, वेळ लागेल. वहिनी खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत येरझारा घालत राहिल्या. नळीकडे पाहायच्या, चेहऱ्याकडे पाहायच्या, हातांकडे पाहायच्या. हात चादरीवर पसरलेले, कुणी धुऊन वाळत घातल्यासारखे. ठिणगी आली आणि दाराशीच उभी राहिली. आईने तिला आत ये म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "पंखा लाव."

उन्हं उतरायच्या सुमाराला डाव्या हाताची करंगळी हलली. मग उजवा हात उठला, चाचपडत मुखवट्यापर्यंत गेला, आणि बाजूच्या नळीवरचा पेच दोन बोटांत धरून फिरवायला लागला.

"काका, त्याला हात लावू नका," नर्स म्हणाली.

"लावू द्या," वहिनी म्हणाल्या, आणि मग कुठे बसल्या.

जहाज राहिलं. तीनशे माणसांपैकी काहींनी नावं काढून घेतली, काहींनी गोदीच्या फाटकाशी येऊन ठिणगीला उद्देशून जे बोलायचं ते बोलून घेतलं. ती ऐकून घेत होती, हे पाहून लोकांना जास्त धसका बसला. तिची जहाजातली जागा राहते की जाते ते अजून ठरलेलं नाही. ती रोज कामाला जाते. मॅडमनी तिला बुचवाल्यांच्या टोळीत टाकलंय, पूर्ण जहाजात अजून कुठे बूच राहिलंय का ते शोधायला.

खुडबुडे घरी आले. पहिले काही दिवस डोकं दुखे, मग ते थांबलं आणि घरातल्यांची डोकी दुखायला लागली. मॅडम एकदा येऊन गेल्या. नवी राहणी लावायची आहे, म्हणाल्या, येणार का ते तुमचं तुम्ही ठरवा. त्या गेल्यावर ठिणगीच म्हणाली, "बाबा, नका जाऊ."

"तुला नको जाऊ म्हटलं तेव्हा ऐकलंस?"

"मी चुकले ना."

"मग मी जाऊन बघायला नको, अजून कुठे चुकलीस ते?" ते म्हणाले. बोलताना रागावलेले नव्हते, पण हसतही नव्हते. "त्या खोलीत कोणीतरी राहणार. तू नाही तर दुसऱ्या कुणाची पोर."

ठिणगी उठून बाहेर जाऊन उभी राहिली. वहिनी स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होत्या. जा म्हणावं तर जीभ उचलेना, आणि जाऊ नका म्हणावं तर हा माणूस घरात दुसऱ्याच कुठल्या गुंत्यात मरेल, हेही दिसत होतं. त्यांनी वाटाण्याच्या शेंगांची परडी आणून नवऱ्याच्या पुढ्यात आपटली.

"जायचं तेव्हा जा. मी रोज काचेशी येईन, सुट्टी असो नसो. आत्ता या सोला. आणि शेंगा सोला म्हणजे शेंगाच, परडीची वीण उसवायची नाही."

खुडबुड्यांनी परडी जवळ ओढली. एक शेंग घेतली, टोकाशी दाबली, फटकन उघडली. चार दाणे वाटीत पडले, पाचवा कपाटाखाली गेला. ते वाकून त्याला शोधायला लागले.